निधान

उद्यमबागेत माझं पॅटर्न शॉप.
एकतीस वर्षं पंपांच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सची झाकणं
सागवानात कोरून फौंड्रीला दिली.
आमची पट्टी मुद्दाम खोटी असते.
ओतलेलं लोखंड थंड होताना आक्रसतं,
म्हणून फुटाला केसभर जास्त धरायचं.

डॉक्टर शिवलीला हुक्केरी आल्या,
स्कूटर उन्हात तशीच सोडून.
म्हणाल्या, मेस्त्री, एक छाती करून द्या.
केवढी?
त्यांनी मूठ मिटून दाखवली.

दोन किलो चारशेचं पोर, जन्मून दीड दिवस.
अन्ननळी वरनं येते नि मध्येच आंधळी होते,
खालचा तुकडा श्वासनळीला चिकटलेला.
दूध पाजलं की तोंडाला फेस.
फेस म्हटल्यावर मी भुशाकडं बघत राहिलो.
थोरल्या वहिनीचं पहिलं असंच, पाच दिवसांचं.
सगळे म्हणाले होते, दृष्ट.

"हे बरगड्यांच्या फटीतून जोडायचं," त्या म्हणाल्या,
"तीन मिलिमीटरच्या चिमट्यानं, पडद्यावर बघत.
माझी शिकणारी पोरं पहिला हात कुणावर चालवणार?"

मी खरी पट्टी काढली.
बरगड्या पुण्याहून छापून आल्या, काडेपेटीतल्या काड्यांएवढ्या.
सिलिकॉन घोटलं. कातडीचा रंग साधेना,
गुलाबी केला की जत्रेतली बाहुली.
बायको दारातनं म्हणाली,
जन्मल्या जन्मल्या जांभळट असतंय की हो, निळा घाला थोडा.

पहिल्याच दिवशी चौघांनी टाके घातले, गाठी आवळल्या,
चौघंही पास.
बाईंचा चेहरा मात्र उतरलेला:
"मेस्त्री, तुमचं बाळ फार सोसतंय.
जरा ओढलं की चिरत गेलं पाहिजे.
चूक हाताला कळली पाहिजे."

आता हे कुठं शिकलो होतो मी?
एक कास्टिंग तडकलं तर गिऱ्हाइकाची बोलणी खाल्लेला माणूस.
नीट हाताखाली टिकणारं, घाईच्या हाताखाली फाटणारं
असं काही करायचं.
दुधावरची साय बोटानं उचलून बघितली.
वडगावच्या मागावरनं रेशमाचा एक तार आणला, उकलला,
नळीच्या भिंतीत आडवा निजवला.
सतरावा नमुना हवा तसा फाटला.
मला आनंद झाला, आणि
त्या आनंदाची लाज वाटून मी चहाला बाहेर गेलो.

सहाव्या रात्री सटवी येऊन कपाळी लिहिते.
याच्या कपाळावर माझंच अक्षर:
नमुना १७, तारीख, बॅच.

भरतेश मगदूम, निपाणीकडचा, उंच, कायम घाईत.
तिसरा टाका. पडद्यावर नळी उसवत गेली.
सिस्टर फिलोमिनानं घड्याळ बघून वेळ लिहिली,
खऱ्यासारखी, वहीत.
तो स्टुलावर बसून राहिला, हातमोज्यांसकट.
मी पाठीची फळी उघडून नवी नळी बसवली,
दोन मिनिटांत पोर परत श्वास घेऊ लागलं.
असं अकरा वेळा.
मागून बाई कानडीत सांगत होत्या:
"निधान, भरतेश. निधान."

कानडीत निधान म्हणजे सावकाश.
माझ्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, पुरून ठेवलेलं धन.
पाट्यांवरनं इथं दगड उडाले,
हा शब्द मात्र दोन्ही घरी जेवतो,
कुणी त्याला अडवलेलं ऐकलं नाही.

आषाढात एका संध्याकाळी भरतेश दुकानात आला.
हात धुऊन धुऊन पांढरे पडलेले.
दवाखान्यात काय झालं ते बोलला नाही,
मीही विचारलं नाही.
लेथवरची कीस बोटानं गोळा करत म्हणाला,
"अजून दोन नळ्या मिळतील?"
फळीवरनं काढून दिल्या.
तीन दिल्या.